मामीची भिंत आणि पस्तीसची लेन्स

मु. हिरडामाली, ता. गोरेगाव
१२ फेब्रुवारी २०२४

चि. योगेश्वरीस,
परसराममामाचे अनेक आशीर्वाद. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. एरवी तुझ्या किरट्या अक्षराची थट्टा करून सुरुवात केली असती. आज इच्छा नाही.

तुझ्या मामीला चुलीपुढं बसवून चित्र काढायला तू आमच्याकडे पाठवलेली सिनेमावाली मंडळी काल गेली. शनिवारी तुझी दुलारीमामी बाजाराला गेली होती आणि मी धानाच्या बांधीत होतो. परत येऊन पाहतो तर स्वयंपाकखोलीची मागची मातीची भिंत अर्धी खाली, आणि त्या भगदाडातून कॅमेरा आत पाहून राहिला. तुमचा डायरेक्टर इंद्रकुमार हसत म्हणाला की खोली अरुंद आहे, बाई आणि चूल एका चित्रात मावत नव्हती, कॅमेरा मागे न्यायला जागा पाहिजे होती. कोणाला विचारून पाडली, असं मी म्हटलं. तर म्हणाला की तुमच्या भाचीनंच सांगितलं होतं, भिंत पाडावी लागेल.

तेवढ्यात मामी आली. भाजीची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली, आणि रडली. तिला रडताना मी फार कमी पाहिलं आहे. इंद्रकुमारनं कॅमेरा बंद करू दिला नाही. बोटानं खूण केली, चालू ठेव.

गॅसची शेगडी त्यांनी न्हाणीत टाकली होती, कारण चित्रात गरिबी दिसली पाहिजे. अंगणभर उष्ट्या जेवणाचे डबे, त्यावर माश्या. पडलेल्या भिंतीच्या मातीवर तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या. मामीनं दोनदा ती माती खरवडली, आणि तरी वास जात नाही म्हणते.

एकच विचारतो. तू खरंच असं म्हणाली होतीस काय?

लोभ आजवर होता. उत्तर वाचून पुढचं कळवीन.
परसराम

नागपूर
१७ फेब्रुवारी २०२४

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

हो, म्हणाले होते.

कसं ते सांगते, पण सबब म्हणून वाचू नका. लेन्स कॅमेऱ्यातल्या एका चिपवर चित्र पाडते. त्या चिपला सेन्सर म्हणतात. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याच्या निम्म्या रुंदीचा. सिनेमाचा पडदा काढून तिथं मधोमध पंचा बांधला तर त्यावर फक्त मधलं चित्र येईल, कडेचं सगळं बाहेर सांडेल. तसंच हे. मोठ्या सेन्सरवर पस्तीसची लेन्स अख्खी चूल दाखवते. लहान सेन्सरवर तीच लेन्स सत्तरच्या लेन्सइतकं थोडं दाखवते. मामीचा चेहरा येतो, चूल जाते.

उपाय साधा होता. लेन्सचा आकडा लहान तितकं चित्र रुंद, म्हणून लहान सेन्सरला अठराची लेन्स लावायची. जागेवरून हलायची गरज नाही. नागपुरात ती एका दिवसात भाड्यानं मिळते. मी भाड्याच्या सामानाच्या यादीत लिहिली होती, इंद्रकुमारनं खोडली. त्याला मोठ्या सेन्सरसाठी बनवलेल्या जुन्या लेन्सांचं वेड, आणि त्यात पस्तीसहून रुंद एकही नव्हती. मी चिडून म्हटलं की मग मामीची भिंत पाडावी लागेल. तो हसला. मीही हसले. आणि मग त्याच यादीवर सही केली, कारण कॅमेरा सांभाळायचा माझा पहिलाच मोठा सिनेमा होता.

शूटिंगच्या वेळी मी तापानं आडवी होते. माझ्या जागी कॅमेऱ्यावर आलेला कैलाश म्हणतो की थांबवायची हिंमत झाली नाही. काल ऑफिसात मामी रडते तो भाग पाहिला. सगळे वाहवा करत होते. इंद्रकुमार म्हणाला की असं रडणं नटीकडूनही मिळत नाही. मी उठून बाहेर आले. त्याची किळस आली, पण सगळ्यात जास्त माझी.

मी सिनेमा सोडला. पण तो भाग काढायला इंद्रकुमार तयार नाही. म्हणतो, परवानगीच्या कागदावर मामीची सही आहे. कागद इंग्रजीत होता. पुढच्या रविवारी येते. मामी म्हणेल ते करीन.

लोभ मागायला तोंड नाही.
योगेश्वरी

हिरडामाली
२२ फेब्रुवारी २०२४

चि. योगेश्वरीस आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. मामीला दोनदा वाचून दाखवलं. हे पत्र कैलाशच्या हाती देऊन राहिलो, म्हणजे उद्याच मिळेल.

इंद्रकुमार आज पुन्हा आला. शेवटचा प्रसंग राहिला होता. पाहतो तर भिंत उभी. मामीनं आणि शेजारच्या जमुनाबाईनं चार दिवसांत चढवली, अजून ओली आहे. त्याचं तोंड वाकडं झालं. म्हणाला की आधीच्या चित्रात भगदाड आहे, आता मेळ कसा बसेल, थोडी पाडू द्या. लाज म्हणून नाही माणसाला.

मामी दारात बसली. म्हणाली की माझं रडणं आधी पूस, मग बाकीचं बोलू. त्यानं सहीचा कागद काढला. मामीनं विचारलं की कागद कायले दाखवतो, कागदाला चुलीपुढं बसव. तिच्याशिवाय त्याचा सिनेमा संपत नव्हता. तासभर धुसफुसून शेवटी त्यानं सोबत आणलेल्या प्रतीतून ते माझ्यासमोर पुसायला लावलं. ऑफिसातली प्रत कैलाशनं कालच पुसली, हे त्यानं मला कानाशी येऊन सांगितलं. मग इंद्रकुमारनं मामीला आत बसायला सांगितलं. मामी आत गेली आणि दाराला कडी लावली. तो ओरडत निघून गेला, कैलाश तेवढा मागं थांबला.

मला वाटलं, आता तिचा राग उतरला असेल. तुझं नाव काढलं तर चूल सारवायला लागली. सारवता सारवता म्हणाली की बोलली त्याचं काही नाही, तोंडातून निघते. पण त्या यादीवर सही काऊन केली, म्हणते, ते तिनं रविवारी माझ्यासमोर बसून सांगावं. लिहून पाठवू नये.

ये. जेवायला घरीच.
परसराममामा