रविवारपुरती काकू

३ नोव्हेंबर, सोमवार

दहाला मीटिंग. कॅमेरा सुरू ठेवावा लागला. डोक्यावर केस अजून नीट आलेले नाहीत. टोपी घालून बसलो, तर आमचे मॅनेजर लिमये सर म्हणाले, टोपी काढली तरी चालेल, इथे सगळे घरचेच आहेत. काढली. कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर रेटलं. दवाखान्याच्या ॲपमधला तारखेचा घोळ सापडला — परदेशातून नंबर लावला की एक दिवस पुढची तारीख पडत होती. दोन ओळींचं काम, आठवडा खाल्ला त्यानं.

संध्याकाळी पातोड्या केल्या. बेसन घोटून ताटात थापलं, वड्या पाडल्या, रश्शात सोडल्या — सगळ्या विरघळल्या! माय वावरातून आली. दिवसभर कापूस वेचून बोटं ओरबाडलेली. मुकाट्यानं जेवली. "चांगलं हाय पिठलं," म्हणाली. मी म्हटलं, पातोड्या होत्या. तिनं ताट घासायला घेतलं.

मोठी माय असती तर पोट धरून हसली असती.

४ नोव्हेंबर

या महिन्यात करायचं — रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेची पुढची प्रकरणं. क्लाऊडच्या परीक्षेचा सराव, रोज सकाळी. पातोड्या.

पहिल्या दोन गोष्टी कंपनीसाठी. तिसरी कशासाठी ते ठाऊक नाही. तिच्या हातची चव घरातून जाऊ नये, एवढंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

करिष्माचा मेसेज आला. ती आमच्या टीममध्ये टेस्टिंग करते. एरवी कामाशिवाय बोलत नाही. आज भलामोठा मेसेज — तिची आई गेली तेव्हाचं सगळं. आईच्या साड्या अजून कपाटात आहेत, उघडवत नाही. शेवटी लिहिलं होतं, कोणाला सांगितलं नाही, तुला कळेल म्हणून लिहिते.

मी "थँक्यू" एवढंच लिहिलं. मग फोन उपडा ठेवला.

माझी आई गेलेली नाही. हे लिहितोय तेव्हा ती अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे.

निदान इथं तरी खरं लिहून ठेवतो. गेली ती मोठी माय. माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबा आणि मोठे बाबा दोघंही आधीच गेले. मागं राहिल्या दोघी जावा आणि मी. मोठ्या मायला मूल नव्हतं. घर आणि चूल तिच्याकडे, वावर मायकडे — पहिल्यापासून तसंच होतं. मी तिच्याच कुशीत झोपलो, तिच्याच हातानं जेवलो. शाळेत नेऊन सोडायची तीच. माय सकाळी जायची आणि दिवस बुडता यायची.

दसऱ्यानंतर मोठी माय गेली तेव्हा सरांना फोन केला. कोण गेलं, विचारलं त्यांनी. आमच्या कंपनीत आई-वडील गेले तर तेरवीपर्यंतची रजा मिळते. काकूसाठी एक दिवस. अग्नी मला द्यायचा होता, डोक्यावरचे केस मला द्यायचे होते, दिवस मला करायचे होते. मी म्हटलं, "आई."

जीभ अडखळली नाही. तेव्हा खोटं बोलतोय असं वाटलंच नाही! त्याचीच आता लाज वाटते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा पातोड्या. आज बेसन फार घट्ट झालं. रश्शात तरंगल्या, पण दातानं तुटेनात. शेजारचे रंगराव काका फवारणीचा पंप मागायला आले होते. स्वयंपाकघरात डोकावले आणि म्हणाले, "पुन्याले जाऊन इंजनेर झाला अन् फोडन्या घालून राह्यला काय बे? बायको कर आता एखादी." वर पातोडी उचलून खाल्ली आणि ही पंपाच्या वायसरला चालेल म्हणाले. मायही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

ते गेल्यावर मायनं विचारलं, मी करून दाखवू का. मी म्हटलं, नको, तुझ्या हातच्या तशा होत नाहीत.

"नाहीच होत," ती म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

हे मी का बोललो!

९ नोव्हेंबर

अभ्यास नाही. स्वयंपाक नाही. मायनं आळण-भात केला. खाल्लं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

मी वर काम करत होतो. फोन खाली चार्जिंगला. तो वाजला, मायनं उचलला. एरवी उचलत नाही, पण दोनदा वाजला म्हणून उचलला म्हणे. लिमये सर होते. संध्याकाळी मी खाली आलो तेव्हा तिनं चहा समोर ठेवला आणि सांगितलं. साहेब शेगावला दर्शनाला येऊन राह्यले, बायको आहे सोबत. रविवारी परत जाताना इथं वडनेरला येतो म्हणे, दुखाले — भेटून सांत्वन करायला.

मला पुढचं विचारायचं धाडस होईना. तिनंच सांगितलं.

"ते म्हने, गोकुळच्या आईचं आयकून वाईट वाटलं. तुमी कोन बोलता, म्हने."

"मग?"

"मी म्हटलं, काकू बोलतो."

एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली. मी चहा हातात धरून बसलो. साय आली तरी बसलो होतो. फोनवर ऐकलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? रडली का? डोळे तर कोरडे होते. ती सगळं समजली होती आणि तिथल्या तिथं तिनं मला सांभाळून घेतलं. माझी स्वतःची चूकही मी कधी इतक्या लवकर सावरलेली नाही.

१३ नोव्हेंबर

सरांना मेसेज लिहिला की रविवारी आम्ही गावात नाही. पाठवण्याआधी मायला सांगितलं. ती म्हणाली, दुखाले येनाऱ्या मानसाले नाही म्हनत नसतात. मेसेज खोडला. दुसरं खोटं टळलं, पण पहिलं तसंच आहे.

खरं सांगून टाकावं, असंही मनात आलं. नोकरी जाईल का? गेली तर? पण भीती नोकरीची नाही. करिष्मा काय म्हणेल, सर काय म्हणतील — जिवंत आईला मेली म्हणणारा मुलगा. असा माणूस मी स्वतःच पाहिला असता तर त्याच्याशी बोललो नसतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माय अंगण सारवून बसली. लुगडं धुऊन वाळत घातलं. पावन्याईले पोहे करू की शिरा, विचारत होती. जणू मला पाहायलाच येतायत!

मी फाटकाची कडी तपासली. उद्या आतून लावून घ्यायची. रंगराव काका अंगणात येऊन मायला "गोकुळची माय" अशी हाक मारतील, ही धास्ती. शेजारच्या माणसाला दाराबाहेर ठेवायचा बेत आखत होतो, आणि माय मला पाहत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आले. अकराच्या सुमाराला गाडी आली. सर, त्यांच्या बाई. शेगावचा प्रसाद आणि फुलं. सर बुटांच्या लेस सोडत दारातच खूप वेळ वाकले होते.

भिंतीवर मोठ्या मायचा हार घातलेला फोटो. त्यासमोर दोघं हात जोडून उभे राहिले. बाईंनी फुलं ठेवली, माझ्याकडे वळून म्हणाल्या, अगदी आईचे डोळे आहेत तुमचे.

मोठ्या मायचा आणि माझा रक्ताचा काही संबंध नाही. माझ्या मागून आवाज आला, "हाव. तिच्यावरच गेला."

माय चहा घेऊन आली होती. डोक्यावरून पदर. नजर खाली. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं, तुम्ही काकू ना, म्हणाल्या. माय हो म्हणाली. मी पोहे आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि दाराआड उभा राहिलो. बाहेर जावंसं वाटेना.

बाई तिला विचारत होत्या, कशा होत्या हो गोकुळच्या आई. मला वाटलं, माय दोन शब्द बोलेल आणि गप्प होईल. ती कोणाशीच जास्त बोलत नाही. पण ती बोलू लागली. थांबत थांबत. आता जसं आठवतं तसं लिहितो.

"मले लेकरू नव्हतं. सासूनं नवऱ्याचं दुसरं लगन ठरवाले काढलं. पोरगीबी पाहून ठेवली होती. मी इहिरीकडं पाहत बसो. तं याची माय आली. हा तवा रांगत नव्हता. तिनं हा माह्या मांडीवर आनून ठेवला अन् सासूले म्हने, आता घरात लेकरू हाय, दुसरी कायले पायजे. अन् गेली वावरात."

बाई म्हणाल्या, बापरे. मग म्हणाल्या, त्यांना स्वतःला जड गेलं असेल.

"वावरातून आली का दारात उभी राहून पाहे त्याले. जवळ नाही घेतलं कधी."

"का पण?"

"घेतलं असतं तं पुन्हा देता आलं नसतं."

 कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी दाराआड पोह्यांची ताटली धरून उभा. ती मोठी माय होऊन बोलत होती आणि स्वतःविषयी बोलत होती, मेलेल्या बाईविषयी बोलावं तसं. हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या मायनंही नाही. आईला माझी माया नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. तिला वावराचीच आवड, असं मी कॉलेजात मित्रांना सांगायचो. वर हसायचो.

ते निघाले तेव्हा बाईंनी मायला मिठी मारली. मायला ती नीट मारता येईना, हात तसेच लोंबते राहिले. सर माझा खांदा दाबून म्हणाले, काकूंना जप, आता त्याच तुझी आई.

गाडी गेली. मी फाटकाची कडी काढली. माय कप गोळा करत होती. मी म्हटलं, "माय, चुकलं माह्यं."

तिनं कप थाळीत ठेवले. एकेक. मग म्हणाली, "तिले माय म्हटलं, त्याचं काही नाही. म्हनूनच तं देला होता." जरा थांबली. "पन मले काऊन मारलं?"

  ती उन्हातच कापसाला निघून गेली.

१७ नोव्हेंबर

काम केलं. काय केलं ते सांगता येणार नाही. माय नेहमीसारखीच बोलते — पाणी भर, गाईला चारा टाक. नेहमीसारखं बोलणं ऐकवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग संपल्यावर सरांना थांबायला सांगितलं. कॅमेरा सुरू ठेवला. गेली ती माझी काकू, म्हटलं. आई जिवंत आहे. मी खोटं सांगितलं.

 हे मला वर कळवावं लागेल, सर म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "परवा आम्हाला चहा दिला, त्या कोण?"

"माय," मी म्हटलं. "माझी माय."

माय वावरातून यायला वेळ आहे. लाइट नाही. ज्वारीचं पीठ मळलं आणि दोन भाकरी थापल्या. दुसरी तव्यावर टाकताना तुटली. चांगली होती ती मायसाठी फडक्यात गुंडाळून ठेवली. तुटलेली चुलीपाशी उभ्यानंच खाल्ली.