आबांच्या फोनमधली एक यादी

आबा मळ्यातून परतायच्या आत हितेंद्रला नरडाण्याला ड्युटीवर जायचं होतं. म्हणून त्याने चिठ्ठी लिहून वडिलांच्या फोनखाली ठेवली.

आबा,
फोन दुरुस्त झाला. कंपनीने त्याचे अपडेट बंद केले होते, म्हणून जुनी सिस्टिम पुसून दुसरी, फुकटातली टाकली. दिसायला वेगळा वाटेल, पण आता अडकणार नाही. फोटो, नंबर आधीच उतरवून ठेवले होते, ते परत भरले. अक्षरं मोठी केली आहेत.

एक गोष्ट राहिली. कामिनीताईने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "तिना फोन आठे वाजाले नको." तिचा फोन इथे वाजू नये म्हणून मी तुमच्या फोनमध्ये तिचा नंबर ब्लॉक केला होता. ती ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी नव्या सिस्टिममध्ये आली नाही, आणि मी पुन्हा केली नाही. चार वर्षं झाली. ताईला मी काही सांगितलेलं नाही.

भाकरी झाकून ठेवली आहे.
हितेंद्र

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. शेजारी फोन आणि चिठ्ठी होती. हितेंद्र चपला काढत असताना त्यांनी विचारलं, "तिना नंबर आजून तोच शे का?"