आईच्या काठावरचे चार खुंट

गुरुवार, ९ एप्रिल १८६३

नदीच्या वरच्या वळणावर सोनं खणणाऱ्यांचे तंबू लागले. परवा तिथे नुसतं गवत होतं. वाम मासे धरायचा आमचा बांधही फोडलाय — पाणी वळवायला हवं होतं म्हणे. पाइतूला सांगितलं, तर तो बांधाचं विचारायच्या आधी विचारतो कसा, "ताई, त्यांना काही लागलं का?"

गेल्या साली हाच भाऊ वरच्या घळीत सोनं शोधायला गेला होता. फाटके बूट घेऊन परत आला. खूळ मात्र तिथे ठेवून आला नाही.

शनिवार, ११ एप्रिल

त्यांच्यातला पास्को नावाचा माणूस बटाटे मागायला आला. विलायतेतल्या कॉर्नवॉलचा आहे, वयस्क. दारात टोपी काढली. बटाटे दिले. जाताना नदीकाठच्या उंचवट्याकडे बोट करून म्हणाला, ती जागा कुणाची?

"माझ्या आईची," मी म्हटलं.

त्याला वाटलं जमीन तिच्या नावावर आहे. मग सांगितलं, की आई तिथेच आहे. तिचे आईवडीलही. तो म्हणाला, "बाई, मी नाही खणलं तर दुसरा खणेल. कागदावर ती जागा मोकळीच आहे."

वाईट माणूस नाही. म्हणूनच झोप येईना.

मंगळवार, १४ एप्रिल

पाइतूला घेऊन सरकारी साहेबाच्या तंबूत गेले. खाणकाम्यांचे तंटे तोच सोडवतो. बसायला पेटी दिली, चहा दिला. नकाशा पसरून दाखवला — हा सगळा काठ मेंढ्यांच्या कुरणासाठी दिलेला. थडगी त्यात कुठे नाहीत.

"नकाशात नाहीत," मी म्हटलं. "जमिनीत आहेत."

त्याने मान हलवली. ड्युनेडिनला, सरकारी कचेरीत अर्ज करा म्हणाला. उत्तर यायला हिवाळा सरून सप्टेंबरातला वसंत उजाडेल. तोवर कुणाला अडवायचा हक्क त्याला नाही. निघताना पाइतू साहेबाशी एकटाच काहीतरी बोलला. काय ते सांगेना.

बुधवार, १५ एप्रिल

काय लिहू! सकाळी पाइतू अंथरुणात नाही. उंचवट्यावर गेले तर चारही कोपऱ्यांना खुंट ठोकलेले, आणि हा खालच्या अंगाला फावडं घेऊन उभा. खणायचा परवाना खिशात.

कुराआत्या माझ्यामागून काठी टेकत आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आईच्या छातीत खुंट ठोकलेस, पाइतू."

तो म्हणाला, कायदाच तसा आहे — ज्याचा खुंट आणि ज्याचं फावडं चालू, त्याच्या जागेला दुसरा हात लावत नाही. तो खालच्या कोपऱ्यातच खणणार. तिथे कुणी निजलेलं नाही.

"आणि सोनं लागलं तर?" आत्याने विचारलं.

याने फावडं पुन्हा मातीत घातलं. खोटं का लिहू — माझाही त्याच्यावर विश्वास बसला नाही.

सोमवार, २७ एप्रिल

रविवार सोडून रोज खणतो. काम थांबलेलं दिसलं की खुंट उपटायला बाकीचे खाणकामी टपलेले आहेतच. येता-जाता विचारतात, "काय रे, लागलं का काही?" हा म्हणतो, "वाळू." ते हसतात. काळ्याला सोनं गाळायची परात धरता येत नाही म्हणतात. हा पण हसतो. मला राग येतो, त्याला येत नाही.

आत्या त्याच्याशी अवाक्षर बोलत नाही.

रविवार, १० मे

आमच्यात थडग्यांजवळ माती उकरलेल्या हातांनी अन्नाला शिवायचं नसतं. म्हणून पाइतू रोज ताटात तोंड घालून जेवतो — हात पाठीमागे, कुत्र्यासारखा. आम्ही दोघी दुसरीकडे बघतो. आज प्रार्थना झाल्यावर आत्या उठली. काडीला बटाटा टोचला, त्याच्यासमोर बसली आणि त्याला भरवला. मग वामाचा तुकडा.

"तोंड उघड नीट. लहान आहेस का?" एवढंच म्हणाली. इतक्या दिवसांतला पहिला शब्द.

तो चावत राहिला. डोळे भरलेले होते. मी चूल फुंकायला गेले.

गुरुवार, २८ मे

दक्षिणेकडे कुठेतरी घबाड सापडल्याची बातमी आली. निम्मे तंबू एका सकाळीत उठले. पास्को राहिला. म्हणतो, गुडघे दुखतात, आता धावणं नको.

काठ पुन्हा थोडा आमच्यासारखा दिसतो.

मंगळवार, २ जून

हिवाळा लागला. कडक हिंव. पाइतूला ताप. छातीत घरघर. तरी उठायला बघत होता — एक दिवस रिकामा गेला तर जागा जाईल. आत्याने खांदे धरून पाडला. मी फावडं घेतलं. परवाना त्याच्या नावाचा, माझ्या नाही. वाटेत पास्कोने मला बघितलं, फावडं बघितलं. "आज थंडी फार आहे," म्हणाला आणि आपल्या कामाला वळला. दिवसभर मात्र माझ्या नि बाकीच्यांच्या मध्ये उभा राहून खणत होता.

बुधवार, ३ जून

दुपारी परात हलवताना तळाशी पिवळं दिसलं. बोटांनी वाळू सारली. घेवड्याच्या दाण्याएवढे खडे, आणि खाली भुकटी. मूठ मिटली. आजूबाजूला बघितलं. मी तशी बघेन असं मला कधी वाटलं नव्हतं. किती वेळ मूठ मिटून होते देव जाणे. मग बातमी फुटली तर आईवर फावडी येतील हे आठवलं, नि मूठ नदीत उघडली.

घरी आले. हात धुतले. पाइतू जागा होता. विचारलं, काही लागलं का?

"वाळू," मी म्हटलं.

तो छपराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मलाही पहिल्या आठवड्यापासून वाळूच लागतेय, ताई. मी नदीत ओततो. तू?"

"मीही."