आखणी बाईंची

पेण, गुरुवार, शाळा सुटल्यावर

तीर्थरूप महिपतीमामा आणि मामी,

दोघांना वैशालीचा वाकून नमस्कार. मोतीबिंदू निघाल्यापासून समोरच्या कौलांवरचे कावळे मोजून मामींना आकडा सांगता, असं कळलं. ऐकून आनंद झाला. थेंब मात्र वेळेवर घाला. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर मी माझी चूक दोन मिनिटांत उरकते आणि वर स्वतःलाच माफ करते (डायरीत तशी नोंद आहे), म्हणून पत्र. मामा, मला चित्रकला शिकवता येते! म्हणजे येत नाही; पण आज वर्गात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागणार नाही.

जूनमध्ये माझी बदली जोह्याकडच्या प्राथमिक शाळेत झाली आणि तिसरीच्या वर्गाबरोबर चित्रकलाही माझ्या गळ्यात पडली. पाचवीत माझे चित्रकलेचे सर म्हणून तुम्ही माझ्या मोराला दहापैकी चार गुण दिले होते, त्यानंतर मी काही काढलेलं नाही, हे मी मुख्याध्यापकांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, चार म्हणजे पास. सोमवारी मी 'माझ्या घरातली माणसं' हा विषय दिला. तेवीस मुलांनी माणसं काढली, नाकं काढली, एकाने आजोबांच्या कानातले केससुद्धा काढले. डोळे मात्र एकानेही काढले नाहीत! तेवीस घरांतली सगळी माणसं कोऱ्या चेहऱ्यांनी माझ्याकडे बघत होती (बघत नव्हती, तोच तर प्रश्न होता). गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की मूल चित्रात डोळे टाळतं तेव्हा मनात भीती असते. माझ्या डोक्यात लगेच आलं, भीती कोणाची? माझी? मी आरशासमोर 'पाढे म्हणा' असं म्हणून चेहरा तपासला. थोडी शंका आली.

मंगळवारी मला वाटलं, मुलांना नमुना दाखवावा. गठ्ठ्यात सगळ्यांत वर मनस्वीचं चित्र होतं, तिच्या आजीचं. कपाळावरच्या आठ्या अशा की हात फिरवून बघावा. लुगड्यात रंग भरायचा राहिला होता. मी काळं स्केचपेन घेतलं, आजीला दोन डोळे काढले आणि चित्र कौतुकाने वर्गासमोर धरलं. मग ऋत्विक (हा गप्प बसू शकत नाही) म्हणाला, "बाई, संपला आता! आखणी झाली. आता कोनी हात नाय लावायचा." मनस्वी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने तेलखडू एकेक करून डब्यात ठेवले, झाकण लावलं, आणि बुधवारी डबा आणलाच नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मामा, तुमची भाची पेणमध्ये राहते आणि तिला हे कळू नये! तिथे घरोघरी मूर्तींचे कारखाने; तिच्या घरामागच्या कारखान्यात दोनशे गणपती ओळीने बसलेले, पीतांबर रंगवलेले, दागिने चमकणारे, आणि एकालाही डोळे नाहीत. डोळे शेवटी काढायचे (त्यालाच आखणी म्हणतात), तेही सगळ्यांनी नाही. त्या घरात ते काम एकट्या कृष्णाबाईंचं. त्याच मनस्वीच्या आजी. डोळे झाले की मूर्ती पुरी झाली, मग त्या मूर्तीवर कोणी कुंचला टेकवत नाही. पोरांनी डोळे टाळले नव्हते, आखणाऱ्यासाठी राखून ठेवले होते. कृष्णाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू डोळं काढलंस? पोरीला इचारलंस गो?" मी नाही म्हटलं. "मंग इचार. आनि हात कापतो का ते बघाया मी उद्या येतंय."

आज त्या आल्या. आधी मी सगळ्या वर्गासमोर मनस्वीची माफी मागितली. (तिने मान हलवली, कोणत्या बाजूला, ते नीट कळलं नाही.) मग कृष्णाबाईंनी सांगितलं की डोळे काढताना श्वास रोखायचा. तेवीस पोरांनी गाल फुगवून श्वास रोखले, मीही रोखला, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक आत आले. इतका शांत वर्ग त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. घाबरून विचारतात, काय झालं? उत्तर कोण देणार! पण डोळे, मामा! प्रत्येक घराचे वेगळे! ऋत्विकने बाबांचे मिटलेलेच काढले. ते रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहेत. "शिफ्टवरून आले का उघडतच नाय," म्हणाला.

शेवटी कृष्णाबाईंनी मनस्वीने काढलेलं त्यांचं चित्र हातात घेतलं. मी काढलेल्या डोळ्यांकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "लुगडं पांढरंच ऱ्हाऊ दे. कारखान्यात पूड बसून तसंच असतंय." मनस्वीने लुगड्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि चित्राखाली लिहिलं : चित्र मनस्वी, आखणी बाई. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, दुसरा कागद हाय? डबा आनलाय मी." मी दोन दिले.

तुमची,
वैशाली

ता. क. हे पत्र ऋत्विकचे बाबा उद्या शिफ्टला जाताना रोह्यात तुमच्या हाती देतील. ते झोपेत दिसले तरी जागे असतात.

पुन्हा ता. क. शनिवारी पेणला मुलांच्या चित्रप्रदर्शनाचे परीक्षक तुम्ही आहात, हे मला आजच कळलं. (खोटं. सोमवारीच वाचलं होतं.) नियम असा की चित्र पूर्णपणे मुलाचंच हवं. तेव्हा आमच्या वर्गाने पाठवलेल्यांतलं मनस्वीचं चित्र, क्रमांक नऊ, स्पर्धेतून बाद करा, भाचीची गय करू नका. फक्त ते भिंतीवर लावा, आणि तिसरीतल्या मुलीला मान वर न करता दिसेल इतकंच उंच.

शेवटचा ता. क. माझ्या मोराला चार गुण देऊन खाली लाल शाईने तुम्ही लिहिलं होतं, 'डोळा मेलेला.' तुम्हाला आठवत नसेल. आता तुम्हाला नवी नजर आली आहे. क्रमांक नऊसमोर जरा थांबा, आणि ते दोन जिवंत आहेत की नाहीत, एवढं मला कळवा. गुण नकोत.