बर्फाचे अकरा रकाने

सावेडी, अहिल्यानगर
(तू अजून नगरच लिहितोस, टपाल दोन्ही नावांनी पोचते.)
बुधवार, ४ मार्च

प्रिय नोहा यास गिदोन मकासरे याचा प्रभूमध्ये सलाम.

या पत्रात मी एकच गोष्ट सिद्ध करणार आहे. बहात्तर वर्षांच्या निवृत्त प्राध्यापकाने आपल्या सदुसष्ट वर्षांच्या पत्नीस वसंत ऋतूत, परवडेल अशा ठिकाणी, बर्फावर घसरण्यासाठी नेणे हे वयाला, बुद्धीला आणि निवृत्तिवेतनाला धरून आहे. आणि नाताळच्या जेवणात त्याविरुद्ध तू जे बोललास ते एकाही कसोटीवर टिकत नाही. सिद्धता लांबेल. चष्मा लावून बैस.

तत्पूर्वी कुशल. येथे आम्ही दोघे ठीक आहोत. माझी कंबर वगळता, आणि तिचे कारण योग्य ठिकाणी येईल. तुझी साखर कशी आहे? कृपाची पाठ? दुकानात बियाण्यांच्या पोत्यांवर तू दुपारी दोन तास झोपतोस असे तीच सांगते. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र पोत्यांवर झोपणाऱ्याने दुसऱ्याच्या प्रवासावर मत देताना थोडा संकोच बाळगावा, इतकेच सुचवितो.

आता तुझे विधान. ते मी त्याच दिवशी टिपून ठेवले होते: “दाजी, हाडंच मोडायची तर घरच्या न्हाणीत मोडा की! तिथं जायाला तिकीट न्हाई लागत.” यावर चौदा माणसे हसली. (मी मोजली. तुझी बहीण हेलन हसली नाही. ती करंज्या वाढत होती.) तू पुढे महाबळेश्वर सुचविलेस, स्ट्रॉबेरी सुचविलीस, आणि विषय संपला असे समजून तिसरी करंजी घेतलीस. नोहा, हास्य हा पुरावा नव्हे. तुझ्या विधानात दोन गोष्टी गृहीत आहेत. बर्फावर हाडे मोडतातच ही पहिली. ती असत्य आहे, कारण तसे असते तर बर्फाच्या प्रदेशात एकही सरळ माणूस उरला नसता. न्हाणीत पडणे आणि पर्वतावर पडणे यांत समान आनंद आहे ही दुसरी. आमची न्हाणी तू पाहिली आहेस. अधिक लिहीत नाही.

प्रश्न मुळात माझा नाहीच. तुझ्या बहिणीने तेहतीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकविला. तेहतीस वर्षे तिने पांढऱ्या खडूने काळ्या फळ्यावर हिमनदी काढली, तिचे पात्र, तिचे गाळाचे ढीग, सर्व. आणि प्रत्यक्ष बर्फ तिने पाहिला तो फक्त उसाच्या रसात. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने हा विषय काढला तेव्हा मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणालो. ते सकारण होते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांतही मी जे जे म्हणालो ते सकारण होते. कारणांची यादी मजजवळ आहे. परंतु येत्या जूनमध्ये तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की त्यापुढे असले धाडस विसरावे. म्हणजे हा मार्च, किंवा कधीच नाही. येथपर्यंत तुलाही मान्य व्हावे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दोनशे पानी वही घेतली आणि तीत अकरा रकाने आखले. समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराचा कोन, मार्चमधील बर्फाची खोली, रेल्वे स्थानकापासूनचे अंतर, जवळचा डॉक्टर, जवळचे चर्च, खोलीत हीटर, जेवणात भाकरीची शक्यता (सर्वत्र शून्य, परंतु शून्य हीसुद्धा माहिती आहे), कमोड, वर चढण्याची सोय, आणि शेवटी दर. स्वित्झर्लंड पहिल्या ओळीतच बाद झाले, कारण त्याचा आकडा अकराव्या रकान्यात मावेना. औली उंचीमुळे गेले. सोलांग गोंगाटामुळे गेले. गुलमर्ग मी दुसऱ्याच दिवशी वगळले, कारण तेथे तारेला टांगलेल्या डब्यात बसून वर जावे लागते, आणि लोंबकळणे माझ्या स्वभावात नाही. अशा रीतीने सत्तावीस ठिकाणांमधून सिमल्याच्या पलीकडचे एक लहानसे गाव उरले. ते सर्वांत स्वस्त होते. त्याच्या समर्थनार्थ मी सोळा पाने लिहिली आणि हेलनला दोन संध्याकाळी वाचून दाखविली. ती स्वेटर विणत ऐकत होती. मध्ये एकदा तिने गुलमर्गचे काय झाले असे विचारले. मी म्हणालो, पान चार. तिने पुढचा टाका घातला.

त्यानंतर तुझ्या वयाच्या मुद्द्याचे खंडन प्रयोगाने करावे असे मी ठरविले. आपल्या जिल्ह्यात बर्फ नाही, हे मान्य. परंतु साखर कारखाने आहेत. आणि गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याच्या आवारात बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचा, डोंगर असतो. पांढुरका, मऊ, उतरता. साम्य उघड आहे. राहुरीच्या बाजूच्या एका कारखान्यात माझा जुना विद्यार्थी गोरक्ष त्या डोंगराची देखरेख करतो. (तर्कशास्त्रात तो काठावर उत्तीर्ण झाला होता. ते गुण मी का दिले याचा मला आता उलगडा होतो; ईश्वर दूरवरचे पाहतो.) हेलनच्या पुस्तकांच्या मांडणीतील दोन सागवानी फळ्या मी सोडविल्या, त्यांना पुढे रंधा मारून घेतला, सायकलच्या ट्यूबने बुटांना बांधल्या, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी रविवारच्या चर्चचा कोट घालून डोंगरमाथ्यावर उभा राहिलो. कोट हेलनच्या मते अनावश्यक होता. माझ्या मते नव्हता. पडताना माणूस कसा दिसतो यालाही महत्त्व आहे.

गोरक्ष खालून ओरडत होता, “सर, ह्ये बर्फ न्हाई, आत जाताल!” मी त्याला सांगितले की प्रयोगाआधी निष्कर्ष काढू नये. मग मी पुढे झुकलो. यानंतरचा घटनाक्रम मी तटस्थपणे देतो. फळ्या गेल्या. मी राहिलो. नंतर मीही निघालो, परंतु खाली न जाता आत गेलो, कमरेपर्यंत. आणि तेथे स्थिर झालो. हलावे तसा भुसा अधिक मायेने जवळ घेई. शेवटी बगॅस भरण्याचा लोडर आला, त्याची बादली माझ्या काखेपर्यंत उंचावली गेली, आणि मी तीत बसून सपाटीवर उतरलो. (तारेला टांगलेल्या डब्याशी याचे साम्य हेलनने तेथेच, सर्वांसमक्ष, दाखवून दिले. मी ते साम्य वरवरचे आहे असे म्हणालो.) पाळी बदलण्याची वेळ होती, साधारण चाळीस कामगार जमले होते. त्यांतील एक विचारत होता, “मास्तर, कसली शर्यत हाय ही?” मी त्याला अर्धे समजावले होते तोच मागे गलका झाला.

नोहा, तुझी बहीण वर गेली होती. दुखऱ्या गुडघ्याने, गोरक्षच्या खांद्याला धरून, कडेच्या टणक वाटेने. तिने माझी एक फळी भुशावर आडवी ठेवली, तिच्यावर मांडी घातल्यासारखी बसली, पदर खोचला, आणि थेट खालपर्यंत आली. फळी थांबली तेव्हा तिच्या केसांत, कानांत, चष्म्यावर भुसा होता, आणि ती हसत होती. ती तीनदा वर गेली. कामगारांनी टाळ्या वाजविल्या. तिसऱ्या वेळी ती मला म्हणाली, “अहो, मला असंच बसून घसरायचंय. उभं कुणाला राहायचंय?” मी सांगितले की बसून घसरणे या क्रीडाप्रकारात मोडत नाही. ती भुसा झटकत राहिली. प्रयोगाचा निष्कर्ष मात्र निर्विवाद आहे: आमच्या दोघांपैकी एकाचेही हाड मोडले नाही. तुझे विधान येथे संपले.

राहिला परवडण्याचा प्रश्न. तेथेही मी मागे नव्हतो. सावेडी नाक्यावर अमृत नावाचा एक सहल-एजंट आहे. तोही माझा विद्यार्थी, परंतु हुशार. त्याच्या पत्रकात सर्वांत कमी दर ‘हनिमून कपल’ या सदराखाली होता: सहा दिवस, दोन वेळचे जेवण, एक केक, पलंगावर फुले. मी त्या दराची मागणी केली. अमृत म्हणाला, “सर, ह्याला लग्न नवीन लागतं. एका वर्षाच्या आतलं.” मी पत्रक उलटसुलट पाहिले. तशी अट कोठेही छापलेली नव्हती. ‘नवविवाहित’ असा शब्द होता. परंतु नवे आणि जुने हे सापेक्ष असतात, आणि आमच्या चर्चमध्ये एकसष्ट वर्षे संसार केलेली जोडपी आहेत, त्यांच्या तुलनेत आम्ही नवेच. चर्चच्या नोंदवहीचा उतारा मी सोबत नेला होता. अमृतने तो वाचला, वर्ष पुन्हा वाचले, आणि चहा मागविला. हा वाद चार दिवस चालला. तिसऱ्या दिवशी तो नरमला होता. चौथ्या दिवशी त्याने मोबाईलवर मी निवडलेल्या गावचा त्याच सकाळचा फोटो दाखविला. उतारावर गवत होते आणि गवतात एक गाय होती. “म्हणून तर स्वस्त हाय, सर,” तो हळूच म्हणाला. एक गाय उभी असण्यावरून संपूर्ण पर्वतावर बर्फ नाही असे सिद्ध होत नाही, हे मी त्याला सप्रमाण समजावले. तो मान हलवीत होता. त्याच्या डोळ्यांत मला तो आदर दिसला नाही, जो पूर्वी असे.

घरी येऊन मी हे सर्व हेलनला सांगितले, आणि गायीच्या मुद्द्यासाठी वहीत नवे पान उघडले. हेलनने विणकाम बाजूला ठेवले आणि म्हणाली, “तुमचं सिद्ध होईस्तोवर बर्फ वितळेल.” हे भाकीत आहे, युक्तिवाद नाही, असे मी नमूद केले.

एवंच, सिद्ध झाले की आमच्या वयात बर्फावर जाणे शक्य आहे, सुरक्षित आहे आणि परवडणारे आहे. नाताळच्या त्या चौदा माणसांना हे पत्र तू वाचून दाखवावेस. एकही शब्द मागे घेण्यास मी तयार नाही.

कृपाला सलाम. तिसगावकर मंडळींना प्रार्थनेत आठवतो.

तुझा दाजी,
गिदोन

ता. क. १ – तुझ्या कपाटातील राखाडी लोकरी कोट जागेवर आहे का, ते उठून पाहा. मी थांबतो.

नसणार. तो गेल्या रविवारपासून आमच्याकडे आहे. कृपा पिशवीत घालून घेऊन आली होती. हेलनने सोमवारी सकाळी भाजीला म्हणून जाताना अमृतकडे दहा मिनिटांत गुलमर्गचे आरक्षण केले. ज्येष्ठ नागरिकांच्या दराने, जो हनिमूनपेक्षाही कमी निघाला. (त्या दराविषयी मी चार दिवसांत विचारले नाही. तो अनुल्लेख होता. चूक म्हणता येणार नाही.) घसरगाडीवर बसून उतरण्याची तेथे सोय आहे. दोघांचे आरक्षण आहे. पहिले नाव हेलन मकासरे. दुसरे नाव कृपा ससाणे. कृपाने तुला अद्याप सांगितले नसल्यास मला खेद वाटतो, परंतु फार नाही.

ता. क. २ – अमृत नावे शनिवारी संध्याकाळी पुढे पाठविणार आहे. तोवर दुसरे नाव बदलता येते. हेलनची त्यासाठी एकच अट आहे: मी आयुष्यात एक चूक, फक्त एक, लेखी आणि सहीनिशी कबूल करावी, आणि ती तिच्या धाकट्या भावाने वाचून तिला फोनवर सांगावे की होय, वाचली. तिने साक्षीदार म्हणून तुलाच का निवडले हे मला पुरते कळते. तरी तू शनिवारपूर्वी तिला फोन करावास, ही विनंती. तू स्वतःच्या हिताचाही विचार कर. कृपा गेली तर सहा दिवस चहासुद्धा तुला स्वतः करावा लागेल, आणि तुमच्या शेगडीचे कोणते बटण कोणत्या बाजूस फिरते हे तुला ठाऊक नाही, असे तीच म्हणते.

गुलमर्गच्या त्या टांगलेल्या डब्यात मी बसेन. डोळे मिटून बसेन, परंतु बसेन.

ता. क. ३ – कबुली. हेलन समोर बसून विणते आहे आणि मी काय लिहितो ते विचारीत नाही. पाठीमागे मांडणीत दोन फळ्यांची जागा रिकामी आहे. तिची भूगोलाची पुस्तके जमिनीवर रचलेली आहेत. वही मी पुन्हा पहिल्या पानापासून तपासली. सत्तावीस ठिकाणे, अकरा रकाने, एकशे अठरा पाने. बेरजा बरोबर आहेत. उंची बरोबर आहे. ‘हेलनला कोठे जायचे आहे’ असा रकाना नाही. आखण्यास जागा होती. उजवीकडे बोटभर समास कोरा आहे. मी तिला विचारले नाही.

ही चूक माझी आहे.

(सही) गिदोन मकासरे