मशीन ड्रॉइंग हटाव

१२ जानेवारी
डिपार्टमेंटच्या अभ्यासक्रम समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझी निवड! जागा दोन, अर्ज दोन, म्हणजे बिनविरोध. दुसरी संघमित्रा, परळची, वर्गात पहिली येणारी. आईला सांगितलं. ती म्हणाली, अनिश, आधी ती मशीन ड्रॉइंगची राहिलेली केटी काढ, पास हो. आईला दूरदृष्टी नाही.

१५ जानेवारी
ठराव: मशीन ड्रॉइंग अभ्यासक्रमातून हद्दपार. कंपन्यांत आता कोण हाताने ड्रॉइंग काढतं? मी त्यात दोनदा उडालो, याचा इथे काडीचाही संबंध नाही. उलट या विषयाचा मला इतरांच्या दुप्पट अनुभव आहे.

२ फेब्रुवारी
शंभर जणांना फॉर्म पाठवला. उत्तरं बावीस. पैकी चौदा कॅन्टीनच्या चहाबद्दल. उरलेल्या आठांतले पाच माझ्या बाजूने. स्पष्ट बहुमत.

९ फेब्रुवारी
संघमित्रा साठ जणांना प्रत्यक्ष भेटली. तिचं म्हणणं, पोरांना ड्रॉइंग नकोय असं नाही, शिकवतात तसं नकोय. आधी वर्कशॉपमध्ये पार्ट हातात द्या, मग काढायला लावा. कॉम्प्युटर आणा, पण हाताने काढायच्या चार शीट्स ठेवा. मी म्हणालो, तडजोडीने क्रांती होत नाही. तिने विचारलं, तू एक तरी शीट पूर्ण केलीयस का रे? व्यक्तिगत टीका. 

२० फेब्रुवारी, दुपारी
बैठक. मी उभा राहून बोललो. एचओडी साटम सर म्हणाले, बसून बोललास तरी चालेल. बसलो नाही. परुळेकर मॅडम वीस वर्षं ड्रॉइंग शिकवतायत. त्या म्हणाल्या, पार्ट आतून कसा आहे हे डोक्यात दिसलं नाही, तर कॉम्प्युटर काय दाखवणार? मी म्हणालो, मॅडम, जग पुढे गेलंय. त्यांनी फाइल मिटली. जिंकलो.
बाहेर संघमित्रा केटीवाल्यांबद्दलचा काहीतरी नियम सांगत होती. नियम वाचणारे नियम बदलत नाहीत, असं सुनावलं.

२८ मार्च
मंजूर! नव्या अभ्यासक्रमात मशीन ड्रॉइंग नाही. इतिवृत्तात लिहिलंय, 'विद्यार्थी प्रतिनिधी अनिश यांच्या आग्रहावरून.' संघमित्राची वर्कशॉपची सूचनाही घेतली. घेऊ देत. लालबागला जाऊन एकट्याने मिसळ खाल्ली. नेता एकटाच असतो.

१० जून
नोटीस. नवा अभ्यासक्रम फक्त नव्या बॅचला. जुन्या केटीवाल्यांना जुनाच पेपर, हातानेच, चार तास. लेक्चर्स नाहीत, कारण विषयच बंद. ड्रॉइंग हॉलमधले बोर्ड काढून तिथे कॉम्प्युटर लावलेत. मॅडम नव्या विषयाच्या ट्रेनिंगला गेल्यात. साटम सरांना जाऊन जाब विचारला, हा अन्याय कुणी केला? त्यांनी इतिवृत्त पुढे सरकवलं.

११ जून
झुकणार नाही. घरीच शिकणार. जेवणाच्या टेबलावर तीन तास बेअरिंग काढलं. आई म्हणाली, कढई छान आलीय.

१६ जून
संघमित्राला फोन केला. ती हसली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, रविवारी सकाळी आठला घरी ये, पहिल्या शीटपासून सुरू करू. दोन पेन्सिली तासून आण.
जाणार आहे. पण ही शरणागती नव्हे. एकच तासलीय.