झाडांना पाजलेलं आईचं पाणी

गाव नीसीपेनी, मे महिन्यातला रविवार, चर्चमधून आल्या आल्या

वडील बहीण वेताताईस,
धाकट्या कीवाचा वाकून नमस्कार (खरोखर वाकले, पेन टेबलाखाली पडलं होतं).

मी धडधाकट आहे, तूही तिकडे तशीच असावीस. स्टांकूही धडधाकट आहे. कुदळ दिसली की मात्र माझ्या नवऱ्याच्या कमरेत उसण भरते आणि जेवायची हाक मारली की आपोआप जाते. गाय व्यायली, कालवड झाली. तुझ्या पायांची सूज उतरली का? आणि तू सांभाळतेस ती इटलीतली म्हातारी? अजून तुला तिच्या बहिणीच्या नावाने हाका मारते का? मारू दे. ओ देत जा. फक्त ध्यानात ठेव की तुला खरी बहीण इकडे आहे आणि तिचाही घसा आहे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर मी मुद्द्याला आले की तुझ्या म्हातारीला कूस बदलायची असते. तोंड उघडं ठेवून तुझा चेहरा पडद्यावर गोठतो, आणि मी त्या गोठलेल्या चेहऱ्याशी बोलत बसते. पत्र बंद करता येत नाही. इटलीला सामान नेणाऱ्या गाडीवाल्याकडे देतेय, सोबत भाजलेल्या वांग्यांची बरणी आहे. आधी पत्र वाच, मग बरणी उघड. आणि तुझ्या जमिनीच्या पट्ट्याबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाहीये, तेव्हा घाबरू नकोस. क्रायोवा शहरातल्या त्या माणसाला विकायचा तर विक. वाळूच आहे ती.

आता आईचं सांगते. तुला अंत्यविधी नीट दिसला नाही हे मला ठाऊक आहे. स्टांकूने फोन उलटा धरला होता, त्यामुळे पाद्रीबाबांच्या ऐवजी तुला तासभर स्टांकूच्या मिशा दिसल्या. तू रडत होतीस आणि हा मूर्ख मध्येमध्ये मिशा पुसत होता. पण एक गोष्ट फोन सरळ असता तरी तुला दिसली नसती. आईवर टाकायला मी मूठभर माती उचलली, तर ती मुठीतून गळेना. ढेकूळच राहिलं हातात. काळं, ओलसर, आत गांडूळ. तुला आठवतंय ना, आपल्या शेतात मूठ भरली तर बोटं मिटेपर्यंत ती रिकामी होते? खड्डा खणणारा म्हणाला, "बायांनो, या मातीत टोमॅटो काय येतील!" त्याला सगळ्यांनी गप्प केलं, पण खरं होतं ते. सामुदायिक शेती मोडून जमिनी परत मिळाल्या, तेव्हा अख्ख्या गावाने अकेशियाची झाडं तोडून चुलीत घातली. फक्त दफनभूमीतली झाडं कोणी तोडली नाहीत (मेलेले रागावतील म्हणून. जिवंतांच्या रागाची पर्वा होती कोणाला?). त्यांचा पाला तीस वर्षं तिथे कुजतोय. म्हणून आपल्या गावात चांगल्या मातीत राहायचं तर आधी मरावं लागतं. मी ते ढेकूळ आईवर टाकलं. टाकवेना, पण टाकलं.

आणि आपल्याकडे? यंदा वारा असा सुटला की मक्याच्या पिठाची मामालिगा खाताना दात करकरतात, पाद्रीबाबा मोटरसायकलचा चष्मा लावून धूप फिरवतात. मी कलिंगडाचं बी पेरलं, वाऱ्याने वाळूसकट उचललं. पुन्हा पेरलं, पुन्हा गेलं. मग एक दिवस बघते, तर शेजारच्या लिसांद्राकाकूच्या पट्ट्यात माझी कलिंगडं उगवली आहेत, रांगेत नाहीत पण टवटवीत. मी म्हटलं, काकू, बी माझं आहे. ती म्हणाली, "अगं कीवे, बी तुझं असेल, जमीन कोणाची?" मी म्हटलं, वरची वीतभर जमीनही माझीच आहे, ती बियाबरोबर उडून आली. तर म्हणते कशी, "मग घरी घेऊन जा की! चाळणीत भरून ने!" आम्ही आठवडाभर बोललो नाही. मलाच जड गेलं, कारण तिच्याशी भांडले नाही तर बोलायला गावात उरलंय कोण? सगळ्या तिकडे, तुझ्यासारख्या.

तर आई गेल्यावर थोड्याच दिवसांनी वनखात्याची गाडी आली आणि अकेशियाच्या रोपांच्या मोळ्या चर्चसमोर टाकून गेली. फुकट. वाऱ्याला आडवी एक रांग लावायची, प्रत्येकाने आपल्या पट्ट्याच्या टोकाला बैलगाडी जाईल एवढी जागा सोडायची. फुकट म्हटल्यावर सगळे धावले. स्टांकूने एक मोळी घरासमोर लावायला पळवली, मी परत आणली. रांग लागली. फक्त मधोमध तुझा पट्टा आहे (मी तुझ्या पट्ट्याबद्दल लिहीत नाहीये, मी रांगेबद्दल लिहितेय). तू फोनवर म्हणालीस, "हात लावू नकोस, विकायचाय." नाही लावला. मग तिथे राहिली फट, पुढचा दात पडल्यासारखी, आणि वारा तिथूनच घुसतो. घुसू दे.

आता पाण्याचं. आपल्याकडे मेलेल्या माणसासाठी चाळीस दिवस शेजारच्या घरी पाणी भरतात, हे तू तरी विसरली नसशील. भरणारी मुलगी कोवळी हवी. मी गावभर फिरले. एक कोवळी मुलगी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडतेय, दुसरी जर्मनीत. शेवटी कोवळी म्हणून मीच, दुखऱ्या गुडघ्यांना कोबीची पानं बांधून. विहिरीवरून बादली लिसांद्राकाकूच्या घरी न्यायची (बोलत नव्हतो तरी, कारण आई जिवंतपणी तिच्याकडेच बसायची), तिने ओंजळभर प्यायची आणि म्हणायचं, "देव तिला विसावा देवो." ते म्हटलं की पाणी आईला पोचतं. पण वाट जाते रांगेवरून. आणि रोपं, ताई, पाऊस नाही, वरून तो वारा, रोपं अशी माना टाकून उभी! आईने आयुष्यात कधी तहानलेल्या कुत्र्यालासुद्धा दारातून हाकललं नाही. मी थोडं ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. मग दफनभूमीच्या कुंपणाबाहेर साचलेला पाला पोत्यात भरून आणला आणि रोपांच्या बुडाशी पसरला, ओल धरून ठेवायला (कुंपणाबाहेरचा! गावात उठलंय की मी थडगी उकरते. ऐकलंस तर विश्वास ठेवू नकोस). असं करता करता लिसांद्राकाकूच्या दारी बादलीच्या तळाशी जेमतेम भांडंभर पाणी पोचायला लागलं.

तिने बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आठवड्याचं मौन सोडलं. "कीवे, आईला पाणी देतेस की चूळ भरायला?" आणि सकाळी हिला स्वप्न पडलं! आई पलीकडच्या जगात अकेशियाच्या झाडीत अनवाणी उभी आहे, घसा कोरडा, टाचेत काटा, आणि म्हणतेय, माझी धाकटी पहिल्यापासून आळशी. (आई असं बोलणार नाही. तुझ्याबद्दल बोलेल, माझ्याबद्दल नाही.) हे तिने विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, काटा सुद्धा दाखवला, आपल्याच टाचेवर. मी तिला म्हटलं, स्वप्न माझ्या आईचं आणि पडतं तुम्हाला, बी माझं आणि उगवतं तुमच्यात, काय चाललंय काय! शेवटी आम्ही दोघी पाद्रीबाबांकडे. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ दाढी झटकली (वाळू पडली) आणि म्हणाले, "झाडही देवाचं तहानलेलं लेकरूच. त्याला पाजलेलं पोचेल. पण 'देव विसावा देवो' म्हणायला तोंड हवं. झाडाला तोंड आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग नाही पोचणार," बाबा म्हणाले, आणि चष्मा खाली.

मी हरले असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बादली घेऊन रांगेवर पोचते, तर लिसांद्राकाकू तिथे, दूध काढायच्या तिवईवर बसलेली, डोक्याला दोन रुमाल. म्हणाली, "ओत. झाडांच्या वतीने मी म्हणते." मी एका रोपाला ओतलं, ती म्हणाली देव तिला विसावा देवो. दुसऱ्याला ओतलं, पुन्हा म्हणाली. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज बसला आणि मी म्हटलं, काकू, एकदाच सगळ्यांचं मिळून म्हणा. तर म्हणते, "आणि एखादं सुटलं तर? तुझी आई माझ्याच स्वप्नात येणार ना, झोपेचं खोबरं माझं!" मग बाकीच्या बायकांना वाटलं, आपले मेलेले काय कमी आहेत? त्याही बादल्या घेऊन आल्या. नवऱ्यांचं पाणी, सासवांचं पाणी. एकीने तर ज्याच्याशी जन्मभर कोर्टात भांडली त्या दिराचंही पाणी आणलं, पण ते रांगेतल्या सगळ्यात किडक्या रोपाला घातलं. ते रोप आज सगळ्यांत उंच आहे.

रोपं जगली, ताई. बोटाएवढी पालवी आहे. माती अजून वाळूच आहे, उगाच कशाला खोटं बोलू. पण पाल्याखाली बोट घातलं तर गार लागतं, आणि काल एक गांडूळ दिसलं. मी लिसांद्राकाकूला हाक मारली, आम्ही दोघी त्याच्यावर वाकून उभ्या, जसा काही राजा आलाय. पाला पडायचा, कुजायचा, पुन्हा पडायचा, यात वर्षं जातील. मला घाई आहे, मातीला नाही, तिथेच आमचं पटत नाही.

आईचे चाळीस दिवस रीतसर पार पडले. शेवटच्या बादलीने आईचं पाणी सोडलं, भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती लावून विहिरीत तरंगवली, सूर्याला साक्षी ठेवलं, सगळं झालं. तू यायची गरज नाही. दफनभूमीतली अकेशिया आता फुलली आहे, पांढरी. वास आपल्या अंगणापर्यंत येतो. तू माझ्या खांद्यावर उभी राहून फुलं ओरबाडायचीस आणि वरच्या वरच खाऊन टाकायचीस, मला नुसते देठ. मी अजून खाली उभी राहते, वर बघते. मग आठवतं, वर कोणी नाही, आणि घरी येते. स्टांकूला म्हटलं तोडून दे, तर कमर धरली.

बरं, पुरे. म्हातारीची कूस बदल.

तुझी बहीण,
कीवा

ता. क. वर लिहिलंय की तुझ्या पट्ट्याला हात लावला नाही. लावला. फट बुजवलीय, आईच्याच पाण्याने. क्रायोवाचा माणूस येऊन गेला. त्याला म्हटलं, झाडांसकट घ्यायचा असेल तर त्यांच्या वतीने बोलणाऱ्या बाईशी बोला. त्याने लिसांद्राकाकूशी बोलणं सुरू केलं आणि गाडीत बसून निघून गेला. आता विकायचा तर स्वतः येऊन विक.

दुसरा ता. क. पूर्ण बुजवली नाही. मधोमध एक खड्डा मोकळा ठेवलाय. त्याचं रोप आईच्या मामालिगाच्या कढईत लावून विहिरीपाशी सावलीत ठेवलंय, पानं फुटली आहेत. वारा रोज खड्डा वाळूने भरतो, मी रोज सकाळी उपसते. स्टांकू म्हणतो वेडी झालीस.

तिसरा ता. क. आईचं पाणी सोडलं हेही खोटं आहे. शेवटची बादली मी भरलीच नाही. मेणबत्ती आणि भोपळा फळीवर तसेच पडलेत, लिसांद्राकाकूने त्यावर कापड घातलंय आणि पाद्रीबाबा मला बघितलं की चष्मा खाली ओढतात. शेवटचं पाणी थोरल्या लेकीने घालावं असा कुठे नियम नाही, मीच आत्ता केलाय. तोवर आई एका बादलीने तहानलेली आहे. ती तुझ्या स्वप्नात आली तर मला दोष देऊ नकोस, ये. आणि येताना इटलीतून एक चांगली बादली आण, आमच्या सगळ्या गळतात.